गंगाधररावांचा राहिलेला डोस

करी रोडच्या त्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर कुणाला साधी शिंक आली, तरी ती दौलत दळव्यांच्या कानावर जाते, आणि कानावर गेली की त्यांचा प्रश्न येतोच, "कधीपासून? नाक वाहतंय की चोंदलंय?" चाळ पाडून टॉवर झाला, सार्वजनिक नळ जाऊन लिफ्ट आली, पण दळव्यांचं दार दिवसा बंद होत नाही. दारात खुर्ची टाकून दौलतराव बसतात. समोरच्या चंपावैनी सोडल्या तर मजल्यावरचा प्रत्येकजण त्यांना जरा वचकून असतो. कोर्स अर्धवट सोडलेला माणूस ते चालीवरून ओळखतात, असा एक समज आहे. तो त्यांनी स्वतःच पसरवलेला आहे.

दौलतराव कंपाउंडर होते. डॉक्टर साटमांच्या दवाखान्यात एकेचाळीस वर्षं त्यांनी काढली. डॉक्टर गेले, दवाखाना गेला, त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात. कंपाउंडर म्हणजे काय हे हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं, आणि दौलतराव ते न विचारता सांगतात. डॉक्टर तपासून चिठ्ठीवर दोन अक्षरं खरडायचे. पेशंट ती घेऊन खिडकीशी यायचा आणि घरून धुऊन आणलेली बाटली पुढे करायचा. आत दौलतराव लाल, गुलाबी, पिवळं जे काय असेल ते मोजून ओतायचे, पाणी घालायचे, आणि मग यायची खरी कारागिरी, म्हणजे पट्टी. पांढऱ्या कागदाची उभी पट्टी घडी घालून कात्रीने कडेला खाचा पाडायच्या आणि गोंदाने ती बाटलीला चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. वाचता न येणाऱ्यालाही कळायचं, आणि दौलतरावांनाही कळायचं, की कोण औषध पितोय आणि कोण मोरीत ओततोय.

"एकेचाळीस वर्षं," ते सांगत, "एक डोस चुकला नाही." हे वाक्य घरात इतक्या वेळा झालेलं होतं की मुलगा मयूर आणि सून सीमा ते घड्याळाच्या टोल्यासारखं ऐकत आणि पुढे बोलत राहत. नात मनवा मात्र ते मनापासून खरं मानायची. ती अकरा वर्षांची होती आणि तिला आजोबांबद्दल सगळंच खरं वाटायचं.

या मनवाने दीड वर्षापूर्वी मैत्रिणीकडून एक गिनी पिग आणला. रंग बिस्किटासारखा, पोट गोल, शेपटी देवाने द्यायची राहून गेलेली. तिने त्याचं नाव ठेवलं मफिन. दौलतरावांच्या तोंडात ते नाव काही बसेना. त्यांना तो प्राणी पहिल्याच दिवशी त्यांच्या जुन्या पेशंटसारखा दिसला. गंगाधरराव म्हणून गिरणीतले एक टाइमकीपर दर सोमवारी दवाखान्यात येऊन बसायचे, काही होत नसलं तरी तक्रार करायचे आणि बाकावर बसल्या बसल्या सतत काहीतरी चघळायचे. तेव्हा दौलतरावांपुरता मफिन हा गंगाधरराव झाला. तोही दोन्ही नावांना ओ देत नसे. तो ओ द्यायचा फ्रिजच्या दाराला. दार उघडलं की घरभर ऐकू जाईल अशी शिट्टी घालायचा, कारण फ्रिजमध्ये सिमला मिरची असते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या गंगाधररावांना मुतखडा झाला.

बातमी मजल्यावर फिरली आणि ज्याला त्याला आपापला खडा आठवला. चंपावैनींनी तर दारातूनच निकाल दिला, "भावजी, कुळथाचा पाणी देवा. माझ्या घोवाचो खडो तीन दिवसांत पडलो." पण शिवाजी पार्कजवळच्या डॉक्टर अनुजांनी, ज्या असल्याच लहान प्राण्यांच्या डॉक्टर आहेत, एक्सरे काढून सांगितलं की खडा पडण्यातला नाही, काढावा लागेल. मंगळवारी ऑपरेशन झालं. खडा तुरीच्या दाण्याएवढा होता. मनवाने तो डबीत घालून शाळेत नेला आणि शिक्षिकेने तो डबीसकट परत पाठवला.

घरी येताना डॉक्टरांनी एक बोटाएवढी पारदर्शक बाटली दिली. आत दुखणं कमी करायचं पातळ औषध, मेलोक्झिकॅम. ते सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला, बिनसुईच्या छोट्या सिरिंजने, पॉइंट तीनच्या रेघेपर्यंत द्यायचं. ही रेघ डॉक्टरांनी गंगाधररावांना काट्यावर ठेवून, त्यांचं वजन बघून ठरवली होती, आणि लेबलावर औषधाची ताकदही लिहिली होती. तेच औषध कुत्र्याचं जास्त ताकदीचं येतं, त्यामुळे कुणाकडे दुसरी बाटली पडलेली असेल तर तिच्यातलं रेघ धरून देऊ नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. यावर दौलतराव एवढंच म्हणाले, "बाई शिकलेली आहे." त्यांच्याकडून इतकी स्तुती डॉक्टर साटमांनासुद्धा कधी मिळाली नव्हती.

अडचण अशी झाली की शुक्रवारी मनवाच्या शाळेचं शिबिर होतं, कर्जतकडे, रविवार संध्याकाळपर्यंत. मयूर लोअर परळच्या मॉलमध्ये मॅनेजर, त्याला शनिवार-रविवारच जास्त काम. सीमाला शनिवारी ठाण्याला मैत्रिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं. मनवा म्हणाली, मी शिबिराला जात नाही. दौलतरावांनी खुर्चीतून तिच्याकडे असं बघितलं की जणू कुणी बस-ड्रायव्हरला सायकल येते का म्हणून विचारलंय.

"मी आहे ना," ते म्हणाले.

"तुला येतं?"

"मनवा. एकेचाळीस वर्षं."

"ती माणसं होती, आजोबा."

मग गुरुवारी संध्याकाळी मनवाने आजोबांची परीक्षा घेतली. पहिल्या प्रयत्नात आजोबा सपशेल नापास झाले. त्यांनी गंगाधररावांना सरळ मांडीवर उताणं घातलं आणि नाक दाबायला बोटं पुढे केली, कारण करी रोडच्या निम्म्या मुलांनी त्यांच्या हातून अशीच औषधं घेतली होती. मनवाने टॉवेल ओढून घेतला. "उताणं नाही. औषध श्वासात जाईल. बसलेला ठेवायचा, पाठ तुझ्या पोटाला टेकवून. आणि नळी समोरून नाही घालायची. बाजूने. पुढच्या दातांच्या मागे जागा असते, तिथून गालाकडे. थेंब द्यायचा, थांबायचं. तो गिळला की पुढचा."

"आणि नाही गिळला तर?"

"तर थांबायचं, आजोबा. तुला कुठे गाडी पकडायची आहे?"

दुसऱ्या वेळेस जमलं. गंगाधररावांनी टॉवेलच्या गुंडाळीतून फक्त डोकं बाहेर काढून औषध चाखलं, बरं लागलं असावं, कारण मग नळीलाच चावू लागले. दौलतरावांची छाती फुगली. मग त्यांनी कपाटातून कात्री काढली, कागद काढला, आणि बोटाएवढ्या बाटलीसाठी बोटाएवढी पट्टी कापली. आत्ता दिलेला डोस धरून आठ खाचा, एकेक जेमतेम चार मिलिमीटरची. चष्मा नाकाच्या टोकावर आणून त्यांनी ती गोंदाने चिकटवली, आणि पट्टी सरळ बसली.

"सिरिंजवर रेघा आहेत की," मनवा म्हणाली.

"त्या सिरिंजला. घरात चार माणसं. आईने दिला असेल म्हणून मी दिला नाही, आणि बाबाने दिला नसेल म्हणून मी परत दिला, असं होतं. बाटलीकडे बघून कळलं पाहिजे."

हे मनवाला पटलं. तिने स्वतःचाही एक कागद लिहिला होता, 'मफिनचे नियम', आणि तो फ्रिजवर चुंबकाने लावला. नऊ नियम होते. बाटली आधी हलवायची, रोज सकाळी वजन करायचं, पाण्याची बाटली बघायची, असे. दौलतरावांनी पहिले तीन वाचले आणि मान डोलावली. आयुष्यभर त्यांनी चिठ्ठी वाचली ती डॉक्टरची. नातीची चिठ्ठी शेवटपर्यंत वाचण्याइतके काही ते निवृत्त झाले नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळचा डोस बिनबोभाट झाला. चंपावैनी बघायला आल्या होत्या. "माझ्या नातवाक सुद्धा तुम्ही असा पेशन्सनी दिला नाय कधी," त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

शनिवारी सकाळी सीमा ठाण्याला गेली, मयूर मॉलला. पावणेआठला दौलतरावांनी फ्रिज उघडला आणि शिट्टी आली नाही.

त्यांनी दार लावून पुन्हा उघडलं. गंगाधरराव पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंगाचा गोळा करून, केस फुलवून बसले होते. रात्रीचं गवत तसंच होतं. सिमला मिरचीची फोड अगदी नाकाशी धरली, तर त्यांनी तोंड फिरवलं. सीमाच्या केकचं सामान मोजायच्या काट्यावर पातेलं ठेवून त्यात त्यांचं वजन केलं. आदल्या दिवशीपेक्षा वीस ग्रॅम कमी भरलं.

आता इथे दौलतरावांच्या डोक्यात एकेचाळीस वर्षांची सवय उभी राहिली. खिडकीतून त्यांनी जे वाक्य सगळ्यात जास्त वेळा म्हटलं असेल ते म्हणजे, "काही खाल्लंत का? दुखण्याची गोळी उपाशी पोटी घ्यायची नाही." गिरणीतून रात्रपाळी करून आलेल्या कितीतरी माणसांना त्यांनी या वाक्यावर परत पाठवलं होतं, आधी पाव-चहा घेऊन या म्हणून. तेव्हा पेशंट उपाशी, म्हणजे डोस थांबवायचा. आधी खाणं, मग औषध. यात विचार करण्यासारखं त्यांना काही दिसलंच नाही. बाटली त्यांनी फ्रिजच्या वर ठेवली, आणि गंगाधरराव कधी जेवतात याची वाट बघत खुर्ची दारातून उचलून पिंजऱ्यासमोर आणली.

नऊ वाजले, अकरा वाजले. दौलतरावांनी गवत बदललं. मिरची बारीक चिरली, मग जाड चिरली. स्वतः एक फोड खाऊन दाखवली. गंगाधररावांनी डोळे अर्धवट मिटून घेतले.

दुपारी चंपावैनी डोकावल्या. पिंजऱ्यापाशी बसून त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "भावजी, ह्याका दुखता. दुखता म्हणान खाणा नाय."

"वैनी, त्याचं पोट रिकामं आहे. आधी खाऊ दे, मग देतो."

"माझी गुडघ्याची गोळी आसा. पाव तुकडो उगाळून देवया?"

"वैनी, तुमचं वजन किती?"

"बाईमाणसाक वजन इचारतत, भावजी?"

"याचं नऊशे ग्रॅमसुद्धा नाही. माणसाची गोळी जनावराला द्यायची नाही. पाव नाही, कणभर नाही. माणसाला जिरते ती याला मारेल." हे त्यांनी मोठ्या जरबेने सांगितलं. गोळीबद्दल दौलतरावांचं शंभर टक्के बरोबर होतं. गंमत अशी, की दुखण्याबद्दल वैनींचं तितकंच बरोबर होतं, पण ज्या तोंडातून गोळीचा सल्ला आला त्याच तोंडातून निदान आलं, म्हणून दौलतरावांनी दोन्ही एकदमच फेटाळलं.

चार वाजले तरी पिंजऱ्यात एक ताजी लेंडी पडली नव्हती. दौलतरावांचा स्वतःचा चहा निवून गेला. डॉक्टरांना फोन करावा असं एकदा मनात आलं, पण लगेच दुसरं आलं, की काय सांगायचं? कंपाउंडर डॉक्टरला फोन करून विचारत नाही. कंपाउंडरला माहीत असतं. एकेचाळीस वर्षं ते याच रुबाबावर जगले होते, आणि आता एका बिनशेपटीच्या प्राण्यापायी तो सोडणं त्यांच्या जिवावर आलं.

सहाला शिक्षिकेच्या फोनवरून मनवा बोलली. मागे पोरांचा गलका चालला होता.

"आजोबा, मफिन कसा आहे? सकाळचा डोस दिलास ना?"

"हं," दौलतराव म्हणाले.

"जेवला?"

"हं. तू नीट राहा."

फोन ठेवला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. हुंकार हा काही शब्द नव्हे, असं त्यांनी मनाला सांगून बघितलं. मन काही ऐकेना.

सात वाजायला आले. त्यांनी बाटली खाली काढली, आणि पट्टीने त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे पट्टी काय बघणार, पण त्यांना तसं वाटलं. औषध एका खाचेने वर होतं. उद्या मनवा येईल, बाटली उजेडात धरील आणि मोजेल. ती मोजणारच, कारण मोजायला त्यांनीच शिकवलं होतं. सकाळचा आणि आत्ताचा असे दोन एकदम दिले, तर पट्टी बरोबर जुळेल. फोनवरचा हुंकारही खरा होईल. पेशंटला दुखतंय असं वैनी म्हणतात, तर जरा जास्तच गेलेलं बरं. उपाशी पोटाचा नियमही या घाईत कुठे गेला कुणास ठाऊक.

त्यांनी बाटली हलवली आणि सिरिंज भरली. दट्ट्या तीनच्या रेघेवर थांबायला हवा होता, तो सहाच्या रेघेवर गेला.

गंगाधररावांना त्यांनी टॉवेलात घेतलं. सकाळपासून पहिल्यांदाच हातात घेतलेला तो जीव नेहमीपेक्षा हलका आणि मऊ लागला. त्याने अंग चोरलं नाही की नळीला चावायला तोंड पुढे केलं नाही. आणि तेव्हा दौलतरावांना एक आवाज स्पष्ट ऐकू आला. तो त्यांचाच होता, खिडकीतला, तरणाताठा. "राहिला तो राहिला. दोन एकदम घ्यायचे नाहीत. कळलं काय?" हे त्यांनी किती लोकांना सुनावलं होतं, आणि एकाचीही गय केली नव्हती.

त्यांनी सगळं औषध बाटलीत परत सोडलं. चष्मा लावला आणि फ्रिजवरचा कागद वाचायला घेतला, यावेळी शेवटपर्यंत. सातवा नियम होता, 'जेवला नाही तर डॉ. अनुजांना लगेच फोन. वाट बघत बसायचं नाही.' खाली नंबर होता आणि नंबराखाली तीन रेघा मारल्या होत्या.

"मी गंगाधररावांच्या घरून बोलतोय," ते फोनवर म्हणाले. "म्हणजे मफिनच्या. मी त्याचा कंपाउंडर."

पलीकडे डॉक्टर अनुजांच्या लक्षात आलं. शेवटचं कधी खाल्लं, लेंड्या कधीपासून नाहीत, पोट फुगलंय का, श्वास कसा आहे, असं त्यांनी भराभर विचारलं. मग म्हणाल्या, "सकाळचा डोस कितीला दिलात, काका?"

आता खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. दौलतरावांनी भिंतीकडे बघितलं.

"नाही दिला. उपाशी होता म्हणून नाही दिला."

"बरं. लगेच घेऊन या. दुसरं काही देऊ नका, आणि बाटली बरोबर आणा."

चंपावैनी न विचारताच चप्पल घालून तयार झाल्या. टॅक्सीत गंगाधररावांची पेटी दौलतरावांच्या मांडीवर होती आणि टॉवेल वैनींच्या हातात. परळच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. वैनी खिडकीबाहेर बघत पुटपुटत होत्या, बहुधा देवाशी बोलत असाव्यात. दौलतराव पेटीवर तळहात ठेवून बसले आणि त्यांना दुसरीच एक बाटली आठवली, जी आठवायची नाही असं त्यांनी ठरवून टाकलेलं होतं. त्यांच्या लग्नाचं पहिलं वर्ष असेल. गर्दीच्या वेळी दोन बाटल्यांची अदलाबदल झाली. एका म्हाताऱ्याचं औषध एका लहान मुलीच्या आईच्या हाती गेलं. खिडकी तशीच सोडून ते पळत सुटले, तीन जिने चढले. मुलीने अजून औषध घेतलं नव्हतं. "हे जास्त चांगलं आलंय," असं म्हणून त्यांनी बाटली बदलली, आणि त्या बाईने, कंपाउंडर किती चांगला, घरी येऊन औषध देतो, म्हणून त्यांना चहा पाजला. तो चहा त्यांच्या घशाखाली कसा उतरला ते त्यांनाच माहीत. डॉक्टर साटमांना त्यांनी सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. एक डोस चुकला नाही, हे वाक्य त्यांनी त्याच सुमारास म्हणायला सुरुवात केली.

दवाखान्यात दोन मोठे कुत्रे बसले होते, त्यांच्याकडे बघून वैनींनी पदर आवळला. डॉक्टर अनुजांनी गंगाधररावांना लगेच आत घेतलं. पोट चाचपलं, कान लावला, दात बघितले, टाका बघितला. मग त्या दौलतरावांना रागावल्या नाहीत, हेच त्यांना जास्त लागलं.

"काका, तुमचा नियम माणसांसाठी बरोबर आहे. इथेही पोटात काहीतरी असलेलं चांगलंच. पण याचं पोट चोवीस तास चालू लागतं. गवत आत जायचं थांबलं की पोट थांबतं, आणि पोट थांबलं की जिवावर बेततं. हा जेवत नव्हता कारण त्याला दुखत होतं. तुम्ही दुखणं थांबवायच्या औषधासाठी जेवणाची वाट बघत होतात."

"मी सांगत होतंय," वैनी म्हणाल्या.

"आणि ह्या त्याला गुडघ्याची गोळी देत होत्या," दौलतराव म्हणाले.

"दोघांनीही काही दिलं नाहीत ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाल्या. "उशीर झालाय, पण फार नाही."

त्यांनी गवताची हिरवट पावडर पाण्यात सरबरीत कालवली आणि मोठ्या सिरिंजने, बाजूने, थोडी थोडी गंगाधररावांच्या गालात सोडली. पहिला घास ओठावरून ओघळला. दुसराही. तिसऱ्याला जबडा हलला. बरंचसं पोटात गेल्यावर, आणि अंगात पाणी पुरेसं आहे याची खात्री केल्यावर, त्यांनी बाटली हलवली आणि सिरिंज दौलतरावांच्या हातात दिली. "तुम्ही द्या. एकच डोस. सकाळचा विसरून जा."

दौलतरावांनी दट्ट्या ओढला आणि तीनच्या रेघेवर थांबवला. थेंब दिला, थांबले. गिळल्यावर पुढचा दिला. त्यांना कुठेही गाडी पकडायची नव्हती.

मग सगळे बाकावर बसले. तासाभराने पेटीत काहीतरी खुडबुडलं. वैनींनी वाकून बघितलं आणि दवाखान्यातल्या सगळ्यांना, कुत्र्यांनासुद्धा, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भावजी, लेंडी." इतक्या छोट्या गोष्टीने इतका मोठा आनंद दौलतरावांना मयूरच्या दहावीच्या निकालानंतर झाला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

त्या रात्री आणि रविवारी, डॉक्टरांनी सांगितलं तसं, पावडर कालवून भरवणं चाललं. रविवारी सकाळी आधी भरवलं, मग आठच्या ठोक्याला डोस दिला. दहाच्या सुमारास चहाचं दूध काढायला फ्रिज उघडला, तर कोपऱ्यातून एक बारीकशी, बेसूर शिट्टी आली. दौलतरावांनी दूध तसंच ठेवून आधी मिरची कापली.

आणि मग त्यांनी पेन घेतलं. पट्टीवरच्या चौथ्या खाचेपाशी लिहायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी कागदाचा दुसरा तुकडा कापून बाजूला चिकटवला आणि चिठ्ठ्यांवर लिहायचे त्याच बारीक अक्षरात लिहिलं.

संध्याकाळी सहाला मनवा आली, पाठीवर सॅक, गुडघ्याला खरचटलेलं. आधी मफिनला उचललं, हुंगलं, मग बाटली घेऊन खिडकीपाशी गेली आणि उजेडात धरली. दौलतराव खुर्चीत बसून बघत होते.

"आजोबा, दोन खाचा उरायला हव्या होत्या. तीन आहेत."

"बाजूला वाच."

तिने वाचलं. 'शनि. सकाळ. दिला नाही. चूक माझी. दौ. दळवी.'

"फोनवर तर तू हं म्हणालास."

"खोटं म्हणालो." मग त्यांनी सगळं सांगितलं, मिरचीची फोड स्वतः खाल्ली तेसुद्धा, सहाची रेघ तर आधीच. मनवा हसली नाही. ती बराच वेळ मफिनच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दौलतरावांना वाटलं, गेलं. अकरा वर्षांत कमावलेलं एका हुंकारात गेलं.

सात वाजले. मनवाने मफिनला भरवलं, टॉवेलात गुंडाळलं, मांडीवर बसवलं, आणि सिरिंज आजोबांपुढे धरली.

"तू दे. मी नियम वाचते. सगळे नऊ."

दौलतराव पुढे सरकले. बाटली हलवली, तीनच्या रेघेपर्यंत भरली, रेघ तिला दाखवली. तिने मान हलवली तेव्हा पहिला थेंब दिला. गंगाधररावांनी तो चघळला आणि नळीला चावा घेतला.

"आजोबा," मनवा म्हणाली, "एकेचाळीस वर्षांत एक पण चूक नाही, आणि मफिनच्याच वेळेला झाली. ही तुझी पहिली ना?"

दौलतरावांचा हात थांबला. होय म्हटलं असतं तर चाललं असतं. सीमा आतून ऐकत होती, दार उघडं होतं, आणि समोरच्या दारात चंपावैनी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"दुसरी," ते म्हणाले. "पहिली अजून कुणाला सांगितलेली नाही."

मनवाने मफिनला जरा सावरून धरलं. "मग सांग," ती म्हणाली. समोर वैनींचा हात सुपात थबकला, सीमा ओट्यावरून बाहेर येऊन उभी राहिली, आणि दौलतरावांनी उरलेला डोस थेंबाथेंबाने संपवत, त्या तीन जिन्यांची गोष्ट सांगायला सुरुवात केली.